औषधेतर स्मृतिसाहाय्य आणि मंडईची भाषा

कर्करोगातून बरे झालेल्या वृद्धांपैकी काहींना उपचारानंतर शब्द चटकन आठवत नाहीत, हिशेबात खंड पडतो, हातातील कामाचा धागा सुटतो. यावर कोणतेही औषध निर्विवादपणे गुणकारी ठरलेले नाही. त्यामुळे औषधेतर उपायांकडे अभ्यासकांचे लक्ष वळले. या उपायांचा इतिहास वैद्यकाचा आहे, तितकाच तो भाषेचाही आहे. पुण्याच्या मंडईच्या संदर्भात तो पाहिला असता हे विशेष स्पष्ट होते.

रसायनोपचार घेणाऱ्या रुग्णांतील बोधनक्षमतेचा ऱ्हास पीटर सिल्बरफार्ब व त्यांचे सहकारी यांनी १९८० मध्ये नोंदविला. २००७ मध्ये रॉबर्ट फर्ग्युसन व सहकारी यांनी २९ स्त्रियांवर एका प्रशिक्षणाचा प्रयोग केला. दिनक्रमाची आखणी, करावयाचे काम मनाशी शब्दांत उच्चारणे आणि ताणाचे नियमन ही त्याची अंगे होत. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील २४२ व्यक्तींवरील, १५ आठवड्यांच्या संगणकीय सरावाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहभागी व्यक्तींच्या तक्रारी कमी झाल्या; परंतु चाचण्यांतील गुणांत लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा चाचण्या नेमके काय मोजतात, हा प्रश्न उरतोच.

या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २०११ मध्ये तीन चाचण्यांची शिफारस केली. त्यांतील दोन शाब्दिक आहेत: नामांची यादी लक्षात ठेवणे आणि दिलेल्या अक्षराने आरंभ होणारे शब्द एका मिनिटात सांगणे. यांपैकी दुसरी मराठीत जशीच्या तशी आणता येत नाही. ‘क’ म्हटल्यावर ‘काकडी’ व ‘कोबी’ चालतील काय, हे आधी ठरवावे लागते. शिवाय शब्दाचे आद्याक्षर वेगळे काढण्याची सवय प्रायः शाळेने लावलेली असते.

आता मंडईकडे वळावे. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव लाभलेल्या या बाजारात हिशेब तोंडीच होत आला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली. तत्पूर्वीचा व्यवहार शेर-पावशेर आणि रुपये-आणे यांचा. त्यासाठी पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत असत. आज ऐंशीच्या घरात असलेल्या पिढीचे बालपण त्या मोजणीत गेले.

अशा वयाच्या, शाळा न पाहिलेल्या एखाद्या भाजीविक्रेतीस अक्षरावरून शब्द विचारले, तर तिचे गुण कमी येतील. तिच्या निरक्षरतेस रोगाचे नाव मिळेल. उलट भाज्यांची नावे विचारली, तर व्यवसायाच्या बळावर ती ती भराभर सांगेल आणि खरा ऱ्हास झाकला जाईल. दोन्ही प्रकारांत हानी तिचीच होय.

भारतात या अडचणीची जाणीव नवी नाही. निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी सिद्ध केलेली हिंदी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा चाचणीसंच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत प्रथम प्रमाणित झाला. त्यांत मराठी नव्हती.

पावकी-दिडकीच्या उजळणीने स्मृती सुधारते, असे प्रतिपादन येथे अभिप्रेत नाही. ते प्रयोगानेच ठरावयास हवे. परंतु रुग्णाच्या मोजणीची, व्यवसायाची आणि बोलीची नोंद घेतल्यावाचून सरावाचे साहित्य निवडता येणार नाही, आणि त्याचे फलही मोजता येणार नाही. ही नोंद करण्याचे काम भाषाभ्यासकांचे आहे. आणि जुनी मोजणी जाणणारी पिढी हयात आहे, तोवरच ते होऊ शकेल.