रथ कुणाचा?

चाक, आस, जू यांपैकी रथ नेमका कोणता, असं नागसेन मिलिंद राजाला विचारतो. राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. इटलीतल्या फाएंझा या छोट्या शहरात 2005 साली हाच पेच पडला.

तिथला मिनार्डी संघ 1985 पासून फॉर्म्युला वनमध्ये धावत होता. एकवीस हंगामांत अवघे 38 गुण, पहिल्या तिघांत एकदाही नाही. तरी त्याच्यावर जीव टाकणारे चाहते जगभर होते. 2001 मध्ये पॉल स्टॉडर्ट मालक झाले. त्यांनी नाव राखलं, चाहतेही राहिले. 2005 मध्ये रेड बुलने संघ घेतला आणि त्याचं टोरो रोसो केलं. कारखाना तोच, गाव तेच. पण चाहत्यांनी जुन्या नावासाठी सह्यांची मोहीम काढली. ती व्यर्थ गेली.

पुढे 2008 मध्ये मोंझाच्या ओल्या ट्रॅकवर सेबॅस्टियन व्हेटेलने याच संघाला पहिला विजय मिळवून दिला. आता हा विजय मिनार्डीचा म्हणायचा का?

नागसेनाच्या मते रथ हे व्यवहारापुरतं नाव. खरं आहे. पण एकवीस वर्षं हरताना चाहत्यांनी धरून ठेवलं होतं ते नावच ना? मग ते गेल्यावर मिळालेला विजय त्यांना अर्धाच आपला वाटला, तर त्याला हट्ट कसं म्हणायचं?