पिवळी टोपी ते आठ तासांची पाळी

मुंबई पोलिसांचा इतिहास सांगताना आयुक्तांची नावे ओळीने येतात. १८६४ साली नेमले गेलेले पहिले आयुक्त सर फ्रँक सूटर, १५ ऑगस्ट १९४७ रोजी सूत्रे हाती घेणारे पहिले भारतीय आयुक्त जे. एस. भरुचा, आणि मग पुढची मोठी यादी. या खात्याची वाटचाल मला शिपायाच्या अंगाने पाहावीशी वाटते. आपल्यापैकी बहुतेकांची आयुक्तांशी कधीच गाठ पडत नाही. पडते ती नाक्यावरच्या हवालदाराशी, ठाण्यात शिरल्यावर समोर बसलेल्या ठाणे अंमलदाराशी. पोलीस चांगले की वाईट, हे आपण त्याच्यावरूनच ठरवतो.

या शिपायाची सुरुवात सतराव्या शतकात होते. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने मुंबई बेटावर भंडारी समाजातल्या माणसांचे पथक उभे केले. पहारा स्थानिकांचा आणि हुकूम कंपनीचा, ही मांडणी तेव्हापासूनची. १८५७ मध्ये चार्ल्स फोर्जेट नावाचा अधिकारी वेषांतर करून शहरात हिंडला, उठावाची कुजबुज टिपली, आणि दोन शिपायांना एस्प्लनेड मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी देण्यात आले. फोर्जेट इथल्या भाषा सफाईने बोलत असे. लोकांची भाषा पोलिसाला यावी ती लोकांवर नजर ठेवण्यासाठी, हा त्या काळाचा हिशेब होता. पोलीस दारात आला की काहीतरी अघटित घडले, ही आपल्याकडची जुनी भीती तिथूनच मुरत आली आहे.

पुढे खाते शिस्तीत बसत गेले. पुण्याजवळ भांबुर्ड्याला १९०६ साली प्रशिक्षण शाळा निघाली, ती १९०९ मध्ये नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. राज्य झाल्यावर २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला आणि ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद घराघरात पोचले. त्या ब्रीदाखाली उभा असलेला मुंबईचा शिपाई मात्र अजून निळी अर्धी चड्डी आणि पिवळी टोपी घालत होता. दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ १९७५ साली आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. लोक त्याला हसले, पण त्या हसण्यात आपुलकी होती. गावाकडून आलेला, चाळीत राहणारा हा माणूस त्यांना आपल्यातलाच वाटत होता.

खात्याला तो तसा वाटत होता का? १९८२ साली याचे उत्तर मिळाले. शिपायांच्या मागण्या अगदी साध्या होत्या. राहायला धड घर, कामाचे ठरलेले तास, साहेबांच्या बंगल्यावरच्या ऑर्डर्लीच्या कामातून सुटका, आणि आपल्या संघटनेमार्फत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क. त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी अनेकांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला संघटनेच्या पुढाऱ्यांना अटक झाली, तिची मान्यता काढून घेतली गेली, आणि शहराचा बंदोबस्त करणारेच रस्त्यावर उतरले. गिरण्यांचा संप जानेवारीपासून चालू होता. बीडीडी चाळींत पोलीस आणि गिरणी कामगार भिंतीला भिंत लावून राहत, त्यामुळे गिरणी कामगारही या उद्रेकात सामील झाले. अखेर लष्कर बोलवावे लागले. जाळपोळीचे समर्थन कोणी करणार नाही आणि मीही करत नाही. पण बंड मोडल्यावर मागण्यांचे काय झाले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बडतर्फीच्या बातम्या राहिल्या, तासांचा प्रश्न तसाच राहिला. पुढची तीन दशके बारा तासांची पाळी आणि त्यावर बंदोबस्त, हेच चालू राहिले.

याच खात्यात त्यानंतर काही वर्षांनी एक वेगळी गोष्ट घडली, आणि तिच्याबद्दल लिहिताना मला आजही उमेद वाटते. यंत्रमागांचे गाव भिवंडी. १९७० ची दंगल, मग १९८४ ची दंगल. १९८८ मध्ये तिथे सुरेश खोपडे उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात हिंदू-मुसलमान दोन्हीकडची साधी माणसे घेतली, बायकांनाही घेतले. गुंडपुंडांना आणि पुढारपणाची हौस असणाऱ्यांना लांब ठेवले. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे एकेक मोहल्ला एकेका पोलीस कर्मचाऱ्याच्या जबाबदारीवर सोपवला. एरवी त्याला ‘जा, उभा राहा’ एवढाच हुकूम असे. आता तो समितीच्या बैठकीत बसू लागला. नळाचे भांडण, भाडेकरूची कटकट, मिरवणुकीचा रस्ता असे विषय तो लोकांबरोबर बसून मिटवू लागला. कोणाचा मुलगा कुठे कामाला आहे, कुठल्या गल्लीत कोणाचे कोणाशी फाटले आहे, हे त्याला खबऱ्याशिवाय कळू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सतीश सहानी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी त्यासाठी कष्ट घेतले.

पण एकदा जुळलेले नाते आपोआप टिकत नाही, हेही भिवंडीनेच दाखवले. जुलै २००६ मध्ये तिथे पोलीस ठाण्याच्याच बांधकामावरून वाद चिघळला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. अधिकारी बदलून जातात. त्यांनी घालून दिलेली पद्धत खात्याची रीत झाली नाही, तर मोहल्ला पुन्हा परका होतो. माझ्या मते या खात्याचे सर्वांत मोठे अपयश इथे आहे. चांगले प्रयोग इथे माणसाबरोबर येतात आणि त्याच्या बदलीबरोबर जातात.

मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला त्या २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हातात लाठी घेऊन दहशतवाद्याच्या बंदुकीला भिडले. साताऱ्यातल्या केडंबे गावचा हा माणूस. गोळ्या अंगावर झेलूनही त्यांनी ती बंदूक सोडली नाही, म्हणून तो दहशतवादी, कसाब, जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ते सार्थच आहे. तरीही त्या रात्री शिपायाच्या हातात लाठीशिवाय काही नव्हते, ही गोष्ट त्या गौरवात झाकली जाऊ नये.

तासांचा प्रश्न सुटायला सुरुवात झाली २०१६ च्या मे महिन्यात, देवनार पोलीस ठाण्यात. त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने आहे त्याच मनुष्यबळात आठ तासांच्या पाळ्या कशा बसवता येतील, याचे वेळापत्रक कागदावर मांडले होते. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते बाजूला टाकले नाही, राबवून पाहिले. पुढे तो प्रयोग मुंबईच्या इतर ठाण्यांपर्यंत गेला. १९८२ मध्ये ज्या मागणीसाठी माणसे घरी बसवली गेली, तीच मागणी एका शिपायाच्या कागदावरून मान्य झाली. नंतर महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी देण्याचे आदेश निघाले. २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पद रद्द झाले, म्हणजे बढतीच्या शिडीतली एक पायरी कमी झाली आणि शिपाई म्हणून लागलेल्याला उपनिरीक्षक होऊन निवृत्त होण्याची वाट मोकळी झाली. ज्या घरात तीस-पस्तीस वर्षांची नोकरी हवालदारकीवरच संपत आली, त्या घराला याचे मोल विचारा.

अजून उरलेले खूप आहे. गणेशविसर्जनाच्या बंदोबस्ताला उभ्या असलेल्या महिला शिपायाकडे एकदा नीट पाहा. आठ तासांचा आदेश असला तरी दुपारी लागलेली ड्युटी दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा गणपती गेल्यावर सुटते. जवळ स्वच्छतागृह नसेल म्हणून ती पाणी घोट घोट पिते. जेवणाचे पाकीट येते तेव्हा गर्दी ऐन भरात असते, म्हणून ते गाडीत तसेच पडून राहते. घरी मुलाला कोणी झोपवले, हे ती ढोल-ताशांच्या आवाजात एक कान झाकून फोनवर विचारते. त्याच वेळी कोणीतरी येऊन तिच्याशी बॅरिकेडवरून हुज्जत घालतो. तिचा आवाज चढला की त्याचे चित्रीकरण होते. करोनाच्या काळात याच पोलिसांसाठी आपण गच्चीवरून टाळ्या वाजवल्या होत्या; त्या साथीत शेकडो पोलीस गेले.

उर्मट वागणूक, तक्रार घ्यायला टाळाटाळ, चिरीमिरी, कोठडीतली मारहाण हे सगळे खरे आहे. त्याला थकव्याची सबब देता येणार नाही. दोषी पोलिसाला शिक्षा झालीच पाहिजे. पण चौदा तास उभ्या असलेल्या माणसाकडून मोहल्ला समितीचा धीर मागणेही न्यायाचे नाही. म्हणून सरकारकडे मागणे एकच आहे. आठ तासांची पाळी शहरापुरती, महिलांपुरती किंवा एखाद्या आयुक्ताच्या कारकिर्दीपुरती ठेवू नका. राज्यातल्या प्रत्येक ठाण्यासाठी तिचा नियम करा आणि त्यासाठी लागणारी भरती वेळेवर करा. आणि वाचकहो, तुमच्या भागातल्या बीट अंमलदाराचे नाव तुम्हाला ठाऊक नसेल, तर या आठवड्यात चौकीवर जाऊन ते विचारून घ्या.