एकाच तारेतले दोन आवाज

दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो कानाने. पडद्यावरची अक्षरे वाचून दाखवणारी एक आज्ञावली त्याच्या संगणकात असते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. आता असे समजा, की त्याला संगणकावर वाजणाऱ्या एका व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण करायचे आहे. तो मुद्रण सुरू करतो, कळफलकावरच्या कळा दाबतो आणि काम उरकल्यावर ऐकून पाहतो. व्याख्यान आलेले असते, पण त्यावर स्क्रीन रीडरची अखंड बडबडही असते. दाबलेल्या कळांची नावे, फायलींची यादी, इतकेच काय, मध्येच आलेला एखादा खाजगी निरोपसुद्धा!

डोळस माणसाला ही अडचण येत नाही. तो डोळ्यांनी जे वाचतो ते ध्वनिफितीवर उमटत नाही. पडद्याचे चित्रीकरण करतानाही माऊसचा बाण चित्रात दिसू नये अशी सोय सहज मिळते. दृष्टिहीन माणसाचा मात्र माहितीचा मार्ग आणि मालाचा मार्ग एकच, ध्वनीचा. गंमत अशी, की सुरुवातीला हे दोन मार्ग वेगळे होते.

१९८० च्या दशकातील डॉस प्रणालीत पडदा म्हणजे ८० अक्षरांच्या २५ ओळी, एकूण २,००० घरे. कोणत्या घरात कोणते अक्षर आहे याची नोंद संगणकाच्या स्मृतीत असे. ती वाचायची आणि उच्चारायला पाठवायची, एवढेच काम आज्ञावलीला करावे लागे. आयबीएम कंपनीत जिम थॅचर यांनी अशी आज्ञावली घडवली. ती १९८६ मध्ये बाजारात आली आणि तिचे नावच 'स्क्रीन रीडर' होते. पुढे ते या साऱ्या जातीचे नाव झाले.

उच्चाराचे काम संगणक स्वतः करत नसे. त्यासाठी वेगळी पेटी लागे. १९८४ मध्ये आलेली 'डेकटॉक' ही त्यांतली प्रसिद्ध. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील डेनिस क्लॅट यांच्या संशोधनावर ती उभी होती आणि तिचा मुख्य आवाज त्यांच्या स्वतःच्या आवाजावरून घडवला होता. (स्टीफन हॉकिंग यांचा जगाला परिचित झालेला यांत्रिक आवाजही क्लॅट यांच्याच कामातून आलेला.) किंमत सुमारे ४,००० डॉलर! संगणकातून एक तार या पेटीत जाई. तारेतून अक्षरे जात, ध्वनी नव्हे. ध्वनी पेटीतच तयार होई आणि पेटीच्याच ध्वनिवर्धकातून बाहेर पडे. त्यामुळे संगणकाच्या ध्वनीत हा आवाज मिसळण्याचा प्रश्नच नव्हता. खोलीत ध्वनिक्षेपक चालू असेल तर तेवढा पेटीला हेडफोन लावायचा. ही सोय कोणी विचारपूर्वक केलेली नव्हती. त्या काळच्या बहुतेक पीसींना 'टूं' करण्यापलीकडे फारसे काही येत नव्हते, म्हणून ती आपोआप मिळाली होती.

१९८९ मध्ये 'साउंड ब्लास्टर' हे साउंड कार्ड आले आणि संगणक गाऊ-बोलू लागला. त्याच वर्षी टेड हेंटर यांच्या कंपनीचा 'जॉज' हा स्क्रीन रीडरही आला. हेंटर मोटरसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे. १९७८ मधील अपघातात त्यांची दृष्टी गेली. १९९५ मध्ये 'जॉज' विंडोजवर आला. संगणक वेगवान होत गेले तसे उच्चाराचे काम पेटीशिवाय, केवळ आज्ञावलीने होऊ लागले. पेटीचा खर्च वाचला. ही फार मोठी गोष्ट होती, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर स्क्रीन रीडरचा आवाजही साउंड कार्डात राहायला आला.

पहिल्या काळात बरीच कार्डे एका वेळी एकाच आज्ञावलीचा ध्वनी घेत. गाणे सुरू केले की स्क्रीन रीडर मुका! डोळस माणसाचा पडदा अचानक काळा व्हावा तसे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस विंडोजमध्येच सर्व आवाज मिसळण्याची व्यवस्था आली आणि हा त्रास संपला. मुद्रणाचा त्रास मात्र इथेच पक्का झाला.

मिसळणे म्हणजे काय, ते वर्गात सहज दाखवता येईल. संगणकातला ध्वनी म्हणजे आकड्यांची माळ. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. दोन आवाज मिसळायचे म्हणजे दोन माळांतील आकड्यांची जागच्या जागी बेरीज करायची. दोन मुलांना मनात एकेक संख्या धरायला सांगा आणि वर्गाला फक्त बेरीज कळवा. बेरीज ७ असेल तर मूळ संख्या ३ आणि ४ होत्या, की ९ आणि -२? कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. एक संख्या नेमकी ठाऊक असेल तर वजाबाकी होते, पण इथे ती दर सेकंदाला ४४,१०० वेळा, अचूक क्षणी आणि अचूक पातळीवर ठाऊक हवी.

'स्टिरिओ मिक्स' नावाने मुद्रणाची जी सोय अनेक कार्डांवर होती, ती या बेरजेनंतरचा ध्वनी उचलत असे. मग लोकांनी घरगुती उपाय शोधले. मुद्रण चालू असेपर्यंत स्क्रीन रीडर गप्प करायचा आणि कळा आठवणीने दाबायच्या, हा एक. दुसरा, संगणकात दोन साउंड कार्डे बसवायची, एक स्क्रीन रीडरसाठी आणि एक बाकी सर्वांसाठी. पण माणसाला दोन्ही आवाज ऐकायचे असतात. फीत तेवढी एकाचीच हवी असते. म्हणजे दोन्ही कार्डांच्या तारा एका छोट्या मिक्सरमध्ये आणायच्या आणि तिथे हेडफोन लावायचा. आमच्या मते याला उपाय म्हणण्यापेक्षा डोळे नसल्याबद्दलचा दंड म्हणावे.

हा दंड पुढे थोडा हलका झाला. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये 'एनव्हीडीए' हा विनामूल्य स्क्रीन रीडर सुरू केला. जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही दृष्टिहीन. त्यासोबत येणारी 'ईस्पीक' ही उच्चार-आज्ञावली आता मराठीही वाचते, उच्चार जरा रुक्ष असले तरी. स्क्रीन रीडरचा आवाज कोणत्या उपकरणातून काढायचा हे 'एनव्हीडीए'मध्ये निवडता येते, त्यामुळे दुसरे कार्ड म्हणून यूएसबीवर चालणारा साधा हेडफोनही पुरतो.

खरा उपाय बेरजेच्या आधी हात घालण्याचा. मॅकिंटॉशवर 'ऑडिओ हायजॅक' ही आज्ञावली २००२ पासून एकेका आज्ञावलीचा ध्वनी स्वतंत्रपणे उचलत आली आहे. म्हणजे ही गोष्ट अशक्य नव्हती. विंडोज व्हिस्टात, २००७ साली, प्रत्येक आज्ञावलीचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येऊ लागला. माळा वेगळ्या ओळखण्याची सोय होती, पण मुद्रण करणाऱ्याच्या हाती बेरीजच येई. २०२० च्या विंडोज १० पासून एकाच आज्ञावलीचा किंवा एक वगळून बाकी सर्वांचा ध्वनी घेण्याचा मार्ग खुला झाला, आणि २०२२ मध्ये 'ओबीएस' या विनामूल्य आज्ञावलीत एकेका आज्ञावलीचा ध्वनी वेगळा घेण्याची सोय आली. पेटी टेबलावरून गेल्याला तोवर पंचवीसेक वर्षे झाली होती.

२०२४ मध्ये 'एनव्हीडीए'त आणखी एक सोय आली. स्क्रीन रीडर एका कानात आणि बाकीचे सारे दुसऱ्या कानात. ऐकायला हे फार बरे. पण असे विभागलेले ध्वनी स्टिरिओत मुद्रित केले आणि स्क्रीन रीडरची वाहिनी काढून टाकली, तर व्याख्यान निभावते, तबला आणि सतारीची जुगलबंदी मात्र एकाच वाहिनीत उरते.