प्रभाकर बरवे आणि दोन वस्तूंमधलं अंतर

आजचा विषय चित्रकलेच्या इतिहासातला आहे : चित्रातली अंतरं. आणि माणूस आहे प्रभाकर बरवे.

बरवेंचा जन्म 1936चा, अलिबागजवळच्या नागावचा. 1959मध्ये जे. जे.मधलं शिक्षण संपलं आणि 1961मध्ये ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. हातमागाच्या कापडासाठी नक्षी तयार करणारी ही सरकारी संस्था. आधी बनारस, मग मुंबई. नोकरी बरीच वर्षं चालली.

आता कापडाच्या नक्षीचं गणित बघा. एक बुट्टी, ठरावीक अंतर, पुन्हा तीच बुट्टी. नजर त्यावरून सहज सरकते, कुठे अडत नाही. साडीला हेच शोभतं. पण चित्रात सगळी अंतरं सारखी ठेवली, की बघणारा दोन सेकंदांत पुढे जातो.

बरवेंच्या नंतरच्या चित्रांत पान, घड्याळ, शंख अशा साध्या वस्तू दिसतात. बऱ्याचदा एनॅमल रंगात, सपाट रंगवलेल्या. भोवती भरपूर मोकळी जागा. दोन वस्तू जवळ दिसल्या, की आपण लगेच त्यांची जोडी लावतो. तिसरी लांब असली, की ती एकटी पडते, आणि हिचा त्या दोघींशी काय संबंध, हे डोकं शोधायला लागतं. वस्तू ओळखीच्याच, गोष्ट तयार होते ती अंतरातून.

आमच्या मुळशीत लावणीनंतर भातखाचरं बघा. रोपं साधारण सारख्या अंतरावर, पण बांध उताराप्रमाणे कुठे जवळ, कुठे लांब. नजर बांधांवरूनच फिरते ना?

1990मध्ये बरवेंचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आलं. चित्र कसं सुचतं, कसं घडतं, यावर एका चित्रकाराने थेट मराठीत केलेला हा विचार. 1995मध्ये बरवे गेले.

मी स्वतः दिवसभर स्क्रीनवरच्या बटणांमधली अंतरं सारखी करतो, म्हणून मला हा माणूस जवळचा वाटतो. माझा अंदाज असा, की सारख्या अंतराची इतकी सवय झाल्यामुळेच ते कुठे आणि किती मोडायचं, हे त्यांना नेमकं कळलं असावं. रोजची नोकरी कलेच्या आड येतेच असं नाही; कधी ती हात तयार करते.

आज एक करून बघा. कागदावर तीन चिंचोके ठेवा, आधी सारख्या अंतरावर. मग एकच सरकवा. चित्र तिथे सुरू होतं.

भेटू पुढच्या भागात!