तळटीप : दुर्गाघाटावरची बोरसी

१. बोरसी म्हणजे रुंद तोंडाचे मातीचे भांडे. आपल्या शेगडीसारखे, पण स्वयंपाकाचे नव्हे, निव्वळ शेकण्याचे. दुर्गाघाट आणि शेजारचा ब्रह्माघाट ही काशीतली जुनी मराठी वस्ती. हे घाट अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी बांधवले. नाना फडणिसांचा वाडाही इथेच. कोकण-देशावरून आलेल्या कुटुंबांना पौष-माघातली गंगाकाठची थंडी नवीनच असणार. दाट धुक्याने सूर्य दिवसदिवस दिसत नाही आणि दगडी घरे आतून निवत जातात. या घरांना धुराडे नसते, म्हणून खोलीत लाकूड पेटवत नाहीत. तळाशी राख, वर भाताचे तूस, शेणीचे तुकडे, थोडे सरपण असे रचून बोरसी चौकात किंवा गच्चीवर पेटवायची, धूर सरला की आत आणायची. निखाऱ्यावर राख लोटली की ऊब रात्रभर पुरते.

धूर सरला म्हणजे धोका सरला, असे मात्र नाही. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. दारे लावून निजलेली माणसे उत्तर भारतात आजही त्याने दगावतात. लेखिकेच्या आजी खिडकी किलकिली ठेवायला लावत, तो नुसता सोवळेपणा नव्हता. स्वयंपाकाच्या गॅसची उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्याच बलियात सुरू झाली. पण सिलिंडर चुलीची जागा घेतो, बोरसीची नाही.