मोटारीचं पॅकिंग आणि आपला थोडा इतिहास

जुन्या मोटारींचा मेळावा भरला की लोक रंग बघतात, क्रोमचे बंपर बघतात, गाडीला टेकून फोटो काढतात. मी मात्र आधी खाली वाकून जमीन बघतो. गाडीखाली तेलाचा ताजा डाग दिसला की समजावं, कुठलं तरी पॅकिंग गेलं. पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात, पण आपल्या गॅरेजात सगळे पॅकिंगच म्हणतात.

इंजिन म्हणजे बोल्टांनी जोडलेले लोखंडाचे ठोकळे. ते कितीही घासले तरी जोडात बारीक फट राहतेच आणि तेल, पाणी, जळालेला वायू तिच्यातून वाट काढतात. म्हणून मध्ये काही तरी मऊ घालावं लागतं. हेडखाली तांब्याच्या पत्र्यात भरलेलं ॲस्बेस्टॉस, टॅपेट कव्हरला बूच, बाकी ठिकाणी जाड कागद. गोव्यातल्या जुन्या गाड्या आजपर्यंत टिकल्या त्या या मऊ तुकड्यांमुळे.

१९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी कडक केली, रेल्वेही बंद झाली. पण समुद्र मोकळा होता. मुरगाव बंदरातून लोहखनिज जपानला जात होतं, खाणींचा पैसा खेळत होता आणि परदेशी माल उतरत होता. त्यात मोटारीही होत्या. शेजारच्या भारतात १९५३ नंतर परदेशी मोटारीचे दरवाजे जवळजवळ बंद झाले होते, आणि इथे मर्सिडीझ टॅक्सी म्हणून धावत होती! माझ्या लहानपणीही त्यातल्या काही स्टँडवर उभ्या असायच्या.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. आपण भारतात आलो, तसे भारताचे आयातीचे नियमही आले. गाड्या इथेच राहिल्या, पण त्यांचे सुटे भाग येण्याची वाट बंद झाली.

काही गाड्यांचं नशीब बरं होतं. मॉरिस ऑक्सफर्ड किंवा ऑस्टिन ए-५० मधलं १४८९ सीसीचं इंजिन पुढे ॲम्बेसेडरलाही बसवलं गेलं. त्यामुळे त्यांचं पॅकिंग बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या गाडीसाठी बनलेल्या मालातून भागायचं. फियाट ११०० चे भाऊबंद मुंबईला कुर्ल्यात तयार होत होते. पण मर्सिडीझ १८० डीचं १७६७ सीसीचं डिझेल इंजिन किंवा ओपेलचं इंजिन यांना इथे कुणी नातेवाईक नव्हता.

त्यांना तारलं मेस्त्रींनी. मेस्त्री हा शब्दही पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आलेला. गॅरेजातली चावी, पिंप, बालदी हे शब्दही त्याच घरचे. आमच्या वाड्यावर एक वयस्क मेस्त्री होते. त्यांना पॅकिंग कापताना मी कित्येकदा पाहिलंय. ना पट्टी, ना पेन्सिल. इंजिनाच्या तोंडावर कागद ठेवायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने टिचक्या मारत जायचं. लोखंडाचीच धार कागद कापते. बोल्टाचं भोक गोल टोकाने पडतं. मग शेलॅकचा पातळ हात फिरवायचा, झालं. सबंध तांब्याचं वॉशर कडक झालं तर फेकायचं नाही. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचं, ते पुन्हा मऊ होतं.

बुचाची तऱ्हा वेगळी. बूच सुकलं की आक्रसतं, भोकं जुळत नाहीत. ते कोमट पाण्यात भिजवलं की ताळ्यावर येतं. गळतंय म्हणून बोल्ट करकचून आवळला तर पत्र्याचं कव्हर वाकतं, बूच बाहेर येतं आणि आधीपेक्षा जास्त गळतं. गंमत बघा, जगातलं निम्मं बूच पोर्तुगालात होतं. तिथे झाडाची साल एकदा काढली की निदान नऊ वर्षं थांबावं लागतं. साडेचारशे वर्षं राज्य केलेल्या देशाच्या झाडाची साल कलकत्त्याकडच्या इंजिनालाही हवीच होती.

सगळीच गळती पॅकिंगने थांबत नाही, हेही मेस्त्रीच सांगायचे. ब्रीदर तुंबला किंवा रिंगा झिजल्या की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या जोडातून बाहेर येतं. ॲम्बेसेडरच्या क्रँकच्या मागच्या टोकाला तर तेल अडवणारं सीलच नसे, नुसती मळसूत्री खाच. इंजिन फिरताना ती तेल परत आत ढकलते. तिथे थोडं गळायचंच.

या कौतुकाला एक काळी बाजू आहे. हेडचं जुनं पॅकिंग पात्याने खरवडून त्याची भुकटी तोंडाने फुंकताना मी पाहिलंय. ते ॲस्बेस्टॉस. त्याच्या धुळीने फुप्फुसाचा कर्करोग होतो, तोही वीस-तीस वर्षांनी दिसतो. आज ॲस्बेस्टॉस नसलेली पॅकिंगं मिळतात, पण जुनं काढताना ते भिजवावं, मास्क लावावा, हवा मारू नये. मालकाची गाडी चमकली, धूळ मेस्त्रीच्या छातीत गेली, हा हिशेब कुणीच मांडला नाही.

मी सरकारी कारकून, कागदांतच आयुष्य चाललंय. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा खास नंबर मिळतो. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. अर्जात मालकाचं नाव येतं, कंपनीचं येतं. ज्याने साठ वर्षं ते 'मूळ' इंजिन फिरतं ठेवलं, त्याच्यासाठी रकाना नाही.

तुमच्या घरात अशी गाडी असेल तर तिच्या कागदांच्या फायलीत एक पान वाढवा. तिच्यावर कुणाकुणाचे हात फिरले, त्यांची नावं लिहून ठेवा. आणि हो, जुनं बुचाचं किंवा कागदाचं पॅकिंग निघालं तर लगेच फेकू नका. नवं कापायला साचा म्हणून तेच लागतं.