मुंबईची ट्राम आणि रस्त्याची रुंदी

आपल्या कुडाळच्या बाजारात दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या, की एकजण गाडी बाजूला घेई आणि वाट मोकळी होई. रुळावरच्या गाडीला मात्र बाजूला होता येत नाही. शहरात रूळ टाकायचे म्हटले, की खरी अडचण येते ती इथेच.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी ट्राम सुरू झाली. घोडे ती ओढीत. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीला जाई, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून तिथेच. १९०७ साली वीज आली, १९२० साली दुमजली ट्राम आली. वेग वाढला, माणसे वाढली. काळबादेवीची रुंदी काही वाढली नाही! त्यातच मोटारी आल्या. एक ट्राम अडली, की मागच्या साऱ्या खोळंबत. माझ्या मते दोष ट्रामचा नव्हता. तिच्यासाठी राखून ठेवलेली वाट नव्हती, हा होता. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली.

पन्नास वर्षांनी, २०१४ साली, घाटकोपर–वर्सोवा मेट्रो आली ती खांबांवरून. २०२४ साली आणखी एक आली ती जमिनीखालून. वाट स्वतंत्र मिळाली, खर्च मात्र अफाट. आणि ट्रामच्या पायरीवर रस्त्यावरूनच पाऊल टाकता येई. इथे आधी जिना गाठावा लागतो.